डॉक्टरांची बुटकी गाडी

साठी उलटल्यावर हाडांच्या डॉक्टरांनी हौसेनं स्पोर्ट्स कार घेतली आणि तिला बटण दाबताच गाडी खाली-वर करणारं एअर सस्पेन्शन बसवून घेतलं. आपण अजून म्हातारे झालेलो नाही, हे त्यांना अख्ख्या हॉस्पिटलला दाखवायचंच होतं.

दारातली गर्दी पाहून त्यांनी बटण दाबलं. फुस्सकन गाडी पार जमिनीला टेकली. टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी ऐटीत एक पाय बाहेर टाकला आणि तिथेच अडकले. गुडघे काही केल्या उठू देईनात. परत बटण दाबून गाडी वर घ्यावी, तर चारचौघांत शोभा!

तेवढ्यात गर्दीतून एक आजी तरातरा पुढे आल्या.



"धरा माझा हात, डॉक्टर. घाबरू नका, माझे दोन्ही गुडघे तुम्हीच बसवलेत. चांगले दणकट आहेत!"