सोनाक्काची लस

देवळाच्या दाराशी एचआयव्हीच्या नव्या लसीचं टेबल मांडलं होतं. अण्णासाहेब घोरपड्यांनी बाही वर केली, पण लस कुणामुळे सापडली हे नर्सबाईंनी सांगताच झटकन खाली ओढली.

"म्हणजे या सोनाक्काचं रक्त माझ्या अंगात?"

"रक्त नाही हो, नुसती शिकवण. एचआयव्हीचा विषाणू आपल्याच शरीरातली साखर पांघरून येतो, म्हणून रक्ताला तो घरचाच वाटतो. आक्कांच्या रक्तानं वीस वर्षं झुंजून त्याला साखरेसकट ओळखलं. लस तेच तुमच्या रक्ताला शिकवते."

चपलांपाशी बसलेल्या सोनाक्काला हसू आलं. या रोगापायी तिला वीस वर्षं कीर्तनाला आत न घेणारा हाच माणूस गावभर भूतदया सांगत फिरायचा. आता मात्र जिवाची भीती सोवळ्याहून मोठी निघाली. अण्णासाहेबांनी डोळे मिटून सुई टोचून घेतली.

आत टाळ वाजू लागले. दारातच उभं राहून अण्णासाहेब मोठेपणानं म्हणाले, "आक्का, आजपासून आत बसा. आमची परवानगी आहे."

"ज्याची लागते त्यानं कधी अडवलंच नव्हतं," सोनाक्का उठत म्हणाली. "मीच येडी, तुम्हाला देवळाचा मालक समजत बसले. सरका आता, अभंग सुरू झाला."