मावशीचा टोप

ऐन जत्रेच्या दिवशी दत्तारामचा गळा बसला आणि महिपतीच्या तोंडचं पाणी पळालं. दुपारी नाटक, आणि नाटकातली मावशीच मुकी! रात्री लाईटचा भरवसा नाही, म्हणून आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या या गावात जत्रेचा खेळ उन्हातच व्हायचा.

दत्तारामने कुजबुजत सांगितलं की घोर नको, महाडचा एक पाव्हणा येतोय, गाणी त्याला तोंडपाठ आहेत. तो माझ्याच घरी रंग लावून तयार होईल, मी त्याला थेट मांडवात आणतो.

"पाव्हणा कोण?" महिपतीने विचारलं. दत्तारामने नुसतं गळ्यावर बोट ठेवलं.

नाटक दत्तारामनेच रचलेलं. संगीत, विनोदी आणि चांगलंच खोडसाळ. काडीमोड झालेला एक बाप लेकीच्या ओढीने लुगडं नेसतो, तिच्याच घरी मावशी म्हणून कामाला राहतो आणि शेवटी पोरीचा मामा त्याचा टोप उपटतो. टोपाखालून दत्तारामचं टक्कल निघालं की गाव लोटपोट व्हायचा. नाटकातल्या बाया म्हणजे बाप्येच, ही गावची रीत. खऱ्या बायांनी दोरीच्या पलीकडे बसावं आणि टाळ्या वाजवाव्या.

मामाचं काम महिपतीचं. त्यात सोंग ते काय करायचं, तो मामाच होता. बहीण कालिंदी आणि भाची देवश्री त्याच्याच घरी राहायच्या. कालिंदीचा नवरा कमलाकर महाडला चवदार तळ्याजवळच्या शाळेत मास्तर. नवरा-बायको उंचीला सारखी, जोडा कसा शोभून दिसायचा. पण मास्तरने बायकोला महाडच्या गणपतीत चारचौघांत गायला बसवलं आणि महिपतीला ते मिरचीसारखं झोंबलं. भांडण नवरा-बायकोचं कमी, मेहुण्या-मेहुण्याचं जास्त. रागाच्या भरात दोघांनी कोर्टात सह्या केल्या. राग उतरला तेव्हा भाऊ उंबऱ्यात आडवा उभा.

मास्तर लेकीला भेटायला आला होता, नाही असं नाही. हातात भाजलेल्या शेंगांची पुडी होती. दात आले तेव्हापासून तिला दाणे सोलून भरवायचे ते त्यानेच. महिपतीने त्याला वेशीवरूनच परत धाडला आणि पुन्हा दिसलास तर तंगडं हातात देईन, असं अख्ख्या गावासमोर बजावलं. देवश्री त्या दिवशी जेवली नाही. अजूनही एसटीचा हॉर्न वाजला की पोर रस्त्याकडे धावायची, आणि मग हळूहळू चालत परत यायची.

आता हा महाडचा पाव्हणा म्हटल्यावर महिपतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वा रे मास्तर! नाटकातल्या बापाचं सोंग घेऊन खराच बाप गावात शिरतोय काय? त्याने आपल्या गड्याला, भागोजीला, मांडवाच्या मागच्या वाटेवर चार पोरं उभी करायला सांगितली. बाकी काम शेवटच्या प्रवेशात होणारच होतं. टोप तोच उपटणार होता.

पडदा वर गेला. मावशी लुगडं खोचून, तोंडावर बोटभर रंग थापून आली आणि जाड्याभरड्या आवाजात असं काही बोलली की पहिल्याच वाक्याला शिट्ट्या पडल्या. पण ती गायला लागली तेव्हा मांडव गप्प झाला. महिपतीला वाटलं, हा गळा आपण कुठंतरी फार जवळून ऐकलाय. मास्तरचाच, दुसरा कोणाचा? आणि गाताना मावशीची नजर सारखी देवश्रीवर.

कालिंदीला यातलं काही कळत नव्हतं, हेच नशीब. सकाळपासून तिची दाढ ठणकत होती. लवंग मागायला म्हणून ती देवश्रीला घेऊन दत्तारामकडे गेली, ती त्याच्या बायकोबरोबर, ठमाबाईबरोबर, थेट मांडवातच आली. आता दोघींच्या मधे पदर डोळ्यांपर्यंत ओढून गप्प बसली होती. देवश्री मात्र तिच्या कुशीत रेलून दाणे चघळत होती आणि पोट धरधरून हसत होती. किती दिवसांनी पोर अशी हसत होती! ते बघून महिपतीलाही घटकाभर बरं वाटलं.

शेवटचा प्रवेश आला. महिपतीने मिशीला पीळ भरला. आज टक्कल निघणार नव्हतं, मास्तर निघणार होता.

"मावशे, खरं सांग, तू हायस तरी कोण गो?"

मावशीने ठरलेलं वाक्य म्हटलंच नाही.

"ओळख की, दादा."

महिपतीने दात-ओठ खात टोप उपटला. खालचा अंबाडा सुटला आणि केस कमरेपर्यंत आले. रंगाखालून त्याची सख्खी बहीण कालिंदी हसत होती.

"आता गावाने ऐकलंय माझं गाणं," ती म्हणाली. "आता परत घरात कोंडता यायचं नाय."

आधी ठमाबाईने टाळी वाजवली, तिच्यामागून सगळ्या बायांनी, आणि हसता हसता पुरुषांनीही. महिपती हातात टोप घेऊन तसाच उभा राहिला. त्याची नजर सावकाश दोरीच्या पलीकडे गेली, आणि तिच्या मागोमाग अख्ख्या गावाची.

तिथे देवश्रीच्या शेजारी, पदर डोळ्यांपर्यंत ओढून, दाढ दुखणारी कालिंदी अजून एकेक शेंग सोलत होती.