निफाडात नेमकं कुठे?

इंदिरानगरातल्या मालकीणबाईंनी खोलीची किल्ली पुढे केली आणि मध्येच थांबवली. "निफाडच्या ना तुम्ही, मॅडम? निफाडात नेमकं कुठे?" करुणाला सोमवारी विज्ञानाची शिक्षिका म्हणून शाळेत रुजू व्हायचं होतं. याच प्रश्नावर आधीची दोन घरं हातची गेली होती. 'देवळामागे' म्हटलं की किल्ली आपली. शब्द ओठांवर आलाही. पण खोटं बोलून मिळालेल्या घरात चोरासारखं राहायचं, याचाच तिला संताप आला. "वेशीबाहेरच्या वस्तीत," ती म्हणाली. किल्ली बाईंच्या मुठीत परत गेली. "आमचं तसं काही नसतं हो, पण घरात देव आहेत. मिस्टरांना विचारून कळवते." "जरूर विचारा. आणि आकाशगंगेचंही सांगा त्यांना. ताऱ्यांची दाटी मध्यावर. आपला सूर्य लांब, एका फाट्यावर पडलेला." तिनं चपला पायात सरकवल्या. "म्हणजे तुमचं इंदिरानगर देवांसकट आमच्याच वस्तीत येतं."