ती एक रिकामी ओळ

"करमाफी नाय हो मॅडम यांना," घरपट्टीच्या खिडकीपलीकडचा कल्पेश म्हणाला. त्याने स्क्रीन मितालीकडे वळवला. "बिल पूर्ण येतं आणि बाई पूर्ण भरतात. तेही पहिल्याच महिन्यात."

मिताली बघत राहिली. मालकाचं नाव, सुमती. तिची सासू. वापर, स्वतः. माफी, काही नाही. कडेवरची रेवा तिच्या ओढणीचं टोक चघळत होती.

सहा महिने घरात दुसरा विषय नव्हता. सासरे फौजेत हवालदार होते. ते गेल्यावर नवीन पनवेलचं बैठं घर सुमतीबाईंच्या नावावर झालं. माजी सैनिकाच्या पत्नीला घरपट्टी माफ असते, पण ती स्वतः त्या घरात राहत असेल तरच. हे सुमतीबाईंनी इतक्यांदा ऐकवलं होतं की रेवाला बोलता आलं असतं तर तिनेही म्हणून दाखवलं असतं. मितालीच्या नवऱ्याने, सत्यजीतने, खारघरच्या फ्लॅटमध्ये आईसाठी खोली रंगवून घेतली, देवांसाठी कोपरा केला, जुन्या घराला भाडेकरूही बघून ठेवला. मितालीची रजा संपत आली होती. एक तारखेला कामावर हजर व्हायचं, आणि रेवा जेमतेम दहा महिन्यांची. पण विषय निघाला की सुमतीबाई माफी पुढे करायच्या. मी उठले की माफी गेली, म्हणायच्या, आणि भाजी निवडायला घ्यायच्या.

"आईला नातीपेक्षा घरपट्टी मोठी," सत्यजीत एकदा जेवताना म्हणाला होता. मिताली हसली होती. पण ते वाक्य तिच्या मनातून गेलं नाही. पोर मांडीवर घेऊन ती पुष्कळदा स्वतःशीच म्हणायची, खरंच की काय?

शेवटी सत्यजीतने तोडगा काढला. माफीचा आकडा आण, म्हणाला. तेवढे पैसे दरवर्षी आईच्या हातावर ठेवतो, मग बघू कुठलं कारण काढते. म्हणून मिताली आज या खिडकीशी उभी होती, आणि आकडाच नव्हता. म्हणजे सासू धडधडीत खोटं बोलत होती. नात सांभाळायची नाही, एवढंच ना? मग तसं सांगायचं सरळ. तिचे कान तापले.

"तसा फॉर्म भरला होता त्यांनी," कल्पेश खण धुंडाळत म्हणाला. गेल्या वर्षी बाई समोरच्या बाकावर तासभर बसून होत्या. सैनिक कार्यालयाचं पत्र, मृत्यूचा दाखला, सगळं पिनेने लावलेलं. त्याने शिक्का उचलला तेवढ्यात त्यांनी कागद मागे ओढला होता. एक ओळ राहिली, म्हणाल्या.

"कोणती ओळ?"

कल्पेशने कागद पुढे सरकवला. निळ्या शाईतलं गोल, जपून काढलेलं अक्षर. सासऱ्यांचा फौजेतला नंबर, भरतीची तारीख, घराचा क्रमांक. 'अर्जदार सदर घरात स्वतः राहतात का' याच्यापुढे मात्र कोरी जागा.

"मी बोललो, मावशी, हो लिवा, राहताच ना तुमी. तर बोलल्या, आज राहते रे. पण पोरगा कधी उचलून नेईल त्याचा नेम नाय. सरकारच्या कागदावर खोटं कसं लिहू?" कल्पेश हसला. "कागद राहू दे तुझ्याकडे, बोलल्या, आणि पूर्ण बिल भरून गेल्या."

मिताली हसली नाही. पोराशी खोटं बोलायचं आणि ते टिकवायला घरपट्टी गुपचूप पूर्ण भरायची. पण कागदावर हो लिहायचा धीर नाही. आपल्याच घरात राहते म्हणायचा.

फोन वाजला. सत्यजीतच होता. मिळाला का आकडा?

"सगळी माफी आहे," मिताली म्हणाली. "पण आई तिथे राहिल्या तरच."

 मग त्याने विचारलं, एक तारखेचं काय? पाळणाघर बघू, ती म्हणाली.  तिने रेवाला जरा घट्ट धरलं आणि कल्पेशकडे पेन मागितलं.

सुमतीबाई नवीन पनवेलच्या घराच्या दारातच होत्या. रिक्षातून उतरणाऱ्या सुनेच्या हातातला कागद त्यांनी लांबूनच ओळखला. चोरून लोणचं खाताना सापडलेल्या पोरीसारखा त्यांचा चेहरा झाला. पाणी आणते, म्हणत त्या आत गेल्या आणि तांब्या न घेताच परत आल्या.

मितालीने कागद त्यांच्यापुढे धरला. कोऱ्या जागेत तिच्या घाईच्या अक्षरात 'हो' लिहिलं होतं.

"सही तेवढी राहिलीय, आई. सत्यजीतशी बोललेय मी."

सुमतीबाईंनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. ते दोन अक्षरांएवढंही नसलेलं उत्तर त्यांनी बोट ठेवून वाचलं आणि सावकाश सही केली. मग हात पुढे केले तशी रेवा झेपावलीच त्यांच्याकडे.

"आणि हिचं काय?"

"पाळणाघर बघतोय."

"पाळणाघर?" सुमतीबाईंनी नातीला खांद्याशी घेतलं. "तुझं ऑफिस इथून चालत दहा मिनिटांवर. जाता जाता सोड, येता येता ने. अगं, मी हलणार नाही म्हटलं होतं. सांभाळणार नाही असं कधी म्हटलं? मला तर कुणी विचारलंच नाही. सगळे नुसते न्यायलाच आले."