ऊब

सातव्या महिन्यातच रेणूचं बाळ गेलं. हॉस्पिटलमधून ती रिकाम्या हातांनी अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या घरी परतली. तिच्यासाठी पुण्याहून आलेल्या आईने डिंकाच्या लाडवांचा डबा फ्रीझरमध्ये मटारच्या पाकिटांमागे सरकवून टाकला. लेकीला दिसायला नको. भेटायला येणारे वेदरबद्दल बोलायचे, ऑफिस कधी जॉइन करणार विचारायचे आणि घाईघाईने निघायचे.

शनिवारी समोरच्या चिनी आजी, मिसेस लिन, पातेलं घेऊन आल्या. आल्या आल्या त्यांनी एसी बंद केला, रेणूच्या हातातला बर्फाच्या पाण्याचा ग्लास काढून घेतला आणि विचारलं, "पायमोजे कुठे आहेत?"

ऐन जुलैत!

मग आलं आणि वाळलेली लाल बोरं घालून उकळलेलं सूप त्यांनी वाटीत ओतलं. "महिनाभर रोज आणेन. गार काही प्यायचं नाही, वाऱ्यात बसायचं नाही. अंगातली ऊब गेलीय, ती परत यायला हवी. आमच्याकडे बाळंतिणीला हेच देतात."

आई अवघडली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत हळूच म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं नाही वाटतं. बाळ... नाहीये."

"माहीत आहे," मिसेस लिन म्हणाल्या. "पण बाळंतपण तर झालं ना हिचं?"

आई उठून स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने मायक्रोवेव्ह वाजला आणि डिंकाचा, साजूक तुपाचा वास घरभर पसरला.