घुमटाची शेवटची वीट

ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथमध्ये दोन्ही मुलांनी स्वतः घर बांधायला काढलं, तेव्हा असुंतानं त्यांच्याकडे परसातल्या पिझ्झाच्या भट्टीसाठी विटा मागितल्या.

“आधी घर, मम्मा! एक वीटसुद्धा मिळायची नाही,” दोघं एका सुरात म्हणाले.

त्यानंतर त्यांचं एकमत म्हणून झालं नाही. भिंतीवरून रोज जुंपायची आणि विटा उडायच्या. फेडेलेचे पुढचे दोन दात गेले, रोक्कोचं कपाळ फुटलं, सिमेंटात रक्त कालवलं गेलं. असुंता रडत रडत दोघांना पट्ट्या बांधायची आणि फुटक्या अर्ध्या विटा वेचून परसात न्यायची.

महिनाभरात घर जेमतेम कमरेइतकं आलं. भट्टीच्या घुमटाला मात्र माथ्यावर अर्ध्या विटेएवढं भोक तेवढं उरलं होतं.

असुंतानं डोळे पुसले आणि हाक मारली,

“फेडेले, तुझ्या भिंतीला रोक्को काय म्हणाला, कळलं का रे तुला?”