अक्कांची पाच बोटं

“म्हणजे तुनं हाई कुलूप चोरले अडावत नही? नुसतं सांगस, चोर येईसन गया?” अक्कांनी विचारलं.

प्रमिलाबाईंना घरात सगळे अक्का म्हणत. चौथीत शाळा सुटली, पण न समजलेल्या गोष्टीला त्यांनी आजवर कधी मान डोलावली नव्हती. नात पुनम धुळ्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकली. आता बंगळूरला क्वांटम क्रिप्टोग्राफी शिकायला तिला जागा मिळाली होती. अक्कांची अट एकच. मला समजावून सांग. कामाचं वाटलं तर जा. नाहीतर रविवारी पिंपळनेरचे लोक बघायला येतील, साडी नेसून बस.

पुनमने पुन्हा सुरुवात केली. “दोघांना गुपित बोलायचंय. त्याची किल्ली उजेडाच्या एकेका कणावरून पाठवायची. मध्येच कुणी डोकावलं की कण बदलतो. दोघांना ते कळतं. मग ती किल्ली टाकायची, नवी घ्यायची.”

“नुसतं पाह्यं तरी बदलस?”

“नुसतं पाहिलं तरी.”

अक्का पुढे सरकल्या. उजेडाचा एकच कण सुटा कसा करतात? वाटेत सांडला तर? पाठवणाराच लबाड निघाला तर? अर्धा तास त्यांनी पोरीला सोडलं नाही. मग एकदम हसल्या.

“एवढंच ना? हाई तं मी पंचवीस वरीसपासून करस!”

भाकरी झाल्या की अक्का दादर ज्वारीच्या पिठाचा डबा वरून सपाट करायच्या आणि पाच बोटं उमटवायच्या. कुणी वाटीभर जरी पीठ काढलं तरी बोटं मोडणारच. इतक्या वर्षांत एकदाही मोडली नव्हती.

“त्यानासाठे बंगळूर कसाले? पीठ आपला घरमां शे.”

पुनमचा चेहरा उतरला. तिच्या बापानं, प्रेमराजनं, पिंपळनेरला होकार कळवायला फोन हातात घेतला.

अक्कांसमोर कधी तोंड न उघडणारी सून कुंदाबाई पीठ चाळत होती. तिनं परातीतलं पीठ सपाट केलं. करंगळी जराशी वाकडी धरून पंजा दाबला आणि परात अक्कांपुढे सरकवली. लहानपणी दारात सापडून अक्कांची करंगळी वाकडी झाली होती. परातीतली हुबेहूब तशीच.

“अक्का, तुमना हात माले येस.”

पुनम उसळली. “हेच ना, अक्का! पिठावरच्या बोटांची नक्कल होते. उजेडाच्या कणाची होत नाही. चोराला तो होता तसा परत ठेवताच येत नाही. हेच तर शिकायचंय मला!”

अक्कांनी तिच्याकडे पाहिलंच नाही.

“कव्हापासून?” त्यांनी सुनेला विचारलं.

“पुनम पोटमां व्हती तव्हापासून. दुपारले भूक लागे. तुम्ही झोपनात का एक भाकर टाकी लेऊ.”

अक्कांनी परातीतल्या ठशावर आपला पंजा ठेवून पाहिला. नीट बसला. बराच वेळ त्यांनी तो उचलला नाही. मग मुलाला हाक मारली.

“प्रेमराज, त्या पिंपळनेरना घरमां सासू शे का?”

“शे ना, अक्का. मोठी कडक बाई शे.”

“मंग ठेव तो फोन,” अक्का म्हणाल्या. “पोर बंगळूरले जाई.”